घरात बसून नाक्यावर



माझा धंदा कामगार संघटनेचा. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात. अशा माणसाने संगणकावर चित्रे काढून पोट भरणाऱ्या मुलांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. पहाटे दारात जाऊन उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर पाळी मिळायची, नाही तर डबा तसाच घरी यायचा. माझा भाचा बोधचिन्हे आणि पुस्तकांची मुखपृष्ठे करतो. तो खोलीबाहेर पडत नाही. पण तोही दारातच उभा आहे, हे मला लवकरच उमगले.

चित्रकारांनी आपली कामे मांडावीत अशा जागा इंटरनेटवर बऱ्याच दिवसांपासून आहेत. डेव्हिअंटआर्ट २००० साली निघाले, ड्रिबल २००९ साली. भाच्याने दीड वर्ष अशा ठिकाणी चित्रे टांगली. वाहवा झाली, काम आले नाही. मग चित्रकारांच्या एका मंडळीत कोणीतरी विचारले की, बोधचिन्हात देवनागरी जोडाक्षर दबून जाते, काय करावे? याने तीन रेखाटने काढून समजावून दिले. दोन महिन्यांनी त्याच गृहस्थाने स्वतःला न झेपणारे एक काम याच्याकडे धाडले. गवंडी गवंड्याला बोलावतो, तसेच हे झाले. दुकान मांडल्याने जे झाले नाही, ते शेजाऱ्याच्या अडचणीला धावून गेल्याने झाले.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एका संकेतस्थळावर जमणारे चित्रकार गंमत म्हणून काल्पनिक कंपन्यांची बोधचिन्हे काढण्याच्या चुरशी खेळत. पुढे खरे गिऱ्हाईक आले आणि जिंकणाऱ्याला पैसे देऊ लागले. त्यातूनच २००८ साली ९९ डिझाइन्स हा स्वतंत्र धंदा उभा राहिला. खेळ होता तोवर ठीक होते. पण पन्नास जणांनी चित्रे काढायची आणि पसंत पडेल त्या एकालाच दाम मिळायचे, याला काय म्हणावे? माझ्या वडिलांना पाळी मिळाली की दिवसाची मजुरी मिळे. दिवसभर सगळे जण विणा, ज्याचे कापड आवडेल त्यालाच पैसे देऊ, असे म्हणण्याची छाती जुन्या मुकादमालाही झाली नव्हती!

भाच्याला एका कंपनीने नमुना म्हणून तीन मुखपृष्ठे करायला लावली आणि नंतर मौन धरले. चार महिन्यांनी त्यांतले एक रंग बदलून बाजारात दिसले. त्याने हे मंडळीत सांगताच आणखी चौघे बोलले: आमचेही असेच झाले. आधी का नाही बोललात? तर लाज वाटली. बंधूंनो, तीस वर्षे मी हीच लाज पाहत आलो आहे. माणूस आपला दर शेजाऱ्यापासून लपवतो आणि मालक नेमका त्यावरच जगतो.

कायदा अगदीच नाही असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली आधी उद्यम नोंदणी केलेली असेल, तर गिऱ्हाइकाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाही तर चक्रवाढ व्याज लागते. ही नोंदणी फुकट होते. पण मंडळीतल्या किती जणांनी ती केली होती? दोघांनी! न्यूयॉर्क शहरात ८०० डॉलर वा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा झाला तो २०१७ साली, आणि त्यासाठी तिथल्या फ्रीलान्सरांची संघटना झगडली होती.

भाच्याची मंडळी संघटना नव्हे. माझ्या पावतीपुस्तकाला ती मुले हसतात. पण गेल्या दिवाळीपासून त्यांनी एक सामाईक वही उघडली आहे. कोणत्या गिऱ्हाइकाने कोणत्या कामाला किती दिले आणि किती दिवसांत दिले, हे जो तो लिहितो. नवखा आला की त्याला चित्रे दाखव म्हणण्याआधी ती वही वाचायला देतात. त्या मुखपृष्ठवाल्या कंपनीचे नाव पहिल्याच पानावर आहे. पुढचे रकाने अद्याप कोरे आहेत.