महाविद्यालयीन सामाजिक शास्त्रे शाळेच्या वर्गात



सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा लोहमार्गावरील गाव. शालान्त परीक्षेनंतर अर्थशास्त्र वा राज्यशास्त्र शिकावयाचे, तर एके काळी अशा गावांतील मुलांना गाडीनेच शहर गाठावे लागे. हे विषय महाविद्यालयाच्या उंबरठ्यापलीकडचे होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला, १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे वर्ग माध्यमिक शाळांनाही जोडले जाऊ लागले. ज्या मुलींना रोज गाडीने पाठविण्यास घरची मंडळी राजी नसत, त्यांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

विषय शाळेत आले. शिकविण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयाचीच राहिली. व्याख्यान, टिपणे, संभाव्य प्रश्न! त्यातच कला शाखा म्हणजे गुण कमी पडलेल्यांची शाखा, हा समज पालकांत आणि, सांगावयास संकोच वाटतो, शिक्षकांतही रुजला. वस्तुत: उद्याचे कित्येक नगरसेवक, सरपंच आणि शिक्षक याच वर्गांतून यावयाचे आहेत.

वर्धा जिल्ह्याला तरी हे परके वाटू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथेच शिक्षण परिषद भरली होती. तीतून नेमल्या गेलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योगासोबत सामाजिक अभ्यासालाही स्थान होते.

अर्थशास्त्रातील किंमतनिश्चितीचा पाठ कापसापासून सुरू करता येईल. राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली होती. त्या काळी चुकारे कसे मिळत आणि आज भाव कोण ठरवितो, हे विद्यार्थ्याने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मागणी-पुरवठ्याचा आलेख त्यानंतर काढावा. सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. लाकडी बैल कोण घडवितो, कोणाच्या घरचा बैल मोठा असतो, मुलींचा त्यात सहभाग किती, हे नोंदविणारा विद्यार्थी समाजशास्त्राचे क्षेत्रकार्यच करीत असतो. आणि ७४ व्या घटनादुरुस्तीचा पाठ झाल्यावर नगरपरिषदेचे अंदाजपत्रक वर्गात उघडावे: घरपट्टीतून किती येते, अनुदानातून किती, पाणीपुरवठ्यावर किती जाते.

येथे लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांचे साहाय्य लागेल. अंदाजपत्रकाची प्रत मागावयास आलेल्या अकरावीच्या मुलीला ‘तुला कशाला हवी?’ असे विचारून परत पाठविले, तर वर्गातले सारे शिकविणे फुकट जाते. तिला प्रत द्यावी, बसावयास जागा द्यावी आणि लेखाशीर्ष म्हणजे काय, हे कोणीतरी समजावून सांगावे. मुख्याधिकाऱ्यांच्या एका सूचनेने आणि लिपिकाच्या अर्ध्या तासाने एवढे होण्यासारखे आहे.