नाव नको, कुळ सांगा
(ऊर्जानगर येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, चंद्रपुरात वाघावर न बोलणाऱ्यालाही श्रोते मिळतात, हे आज सिद्ध झालं. (हशा) कुणी ताडोब्याच्या आशेनं आलं असेल तर मागचं दार उघडं आहे.

आल्याआल्या एका ताईंनी हातात हिंगाची डबी ठेवली. आत माशी. क्वार्टरमागं दोडक्याच्या मांडवाशेजारी त्या ओला कचरा कुजवतात, तिथं सापडली. मोबाइलला विचारलं तर त्यानं दर फोटोला वेगळं नाव दिलं. ताईंचा प्रश्न सरळ होता: "सर, हे काय आहे, अन् यावर कायचा फवारा मारू?"

माशीला पंखांची एकच जोडी, मागच्या जोडीच्या दोन गुंड्या झालेल्या, हे शाळेत झालंय. त्यात वेळ घालवत नाही. समोर टर्बाइनवाले बसलेत म्हणून एवढंच सांगतो: त्या गुंड्या पंखांच्या उलट लयीत हलतात आणि अंग जरा कलंडलं की माशीला कळतं. तुमच्या शाफ्टवर कंपनं मोजणारे सेन्सर असतात, तसे हिला जन्मजात. फक्त ही ट्रिप होत नाही. (टाळ्या)

तर डबी. काळी, पाऊण इंचाच्या आतबाहेर, लांब मिशा, पांढुरकी पावलं, पंख पाठीवर मिटलेले. बघणारा गांधीलमाशी म्हणून हात मागं घेणार. पण पंख मोजा, दोनच! म्हणजे नांगीचा प्रश्न मिटला. उजेडाकडे धरलं तर पोटाच्या सुरुवातीला दोन काचेच्या खिडक्या दिसतात, आणि पंखाच्या ठळक शिरा पुढच्या कडेला दाटलेल्या. कुळ स्ट्रॅटिओमायडी, सोल्जर फ्लाय. हिचं पूर्ण नाव हर्मेशिया इल्युसेन्स, लिनिअसनं १७५८ साली वर्णन केलेली, मूळची अमेरिकेतली. पण त्या नावानं ताईंच्या हाती काय लागलं? कुळानंच काम केलं होतं: या कुळाच्या पुष्कळ अळ्या कुजकं खातात, बागेतलं पीक नाही. फवारा नको.

माझा हट्ट इतकाच. जातीपर्यंत धावू नका, कुळावर थांबा. झेंडूवर हवेत एकाच जागी थांबणारी सिर्फिडी. तिच्यातल्या अनेकींच्या अळ्या मावा फस्त करतात. दोडक्याच्या सालीत अंडी घालणारी टेफ्रिटिडी, तिचा बंदोबस्त करा. उडत्या किड्याला हवेतच पकडणारी केसाळ मिशीची अॅसिलिडी, तिला नमस्कार करा.

आता ही कुळं लावत बसलेल्या एका माणसाबद्दल, ब्रुनेटींबद्दल, दोनच वाक्यं. एन्रिको ब्रुनेटी हे पोटापाण्यासाठी संगीतकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात येऊन राहिले आणि उरलेला वेळ माशांना दिला. भिंगाखाली पंख, पंखावर शिरा, शिरांवरून कुळ. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चे माशांवरचे तीन खंड या माणसाचे: १९१२, १९२०, १९२३. मला नेहमी वाटतं, स्वरलिपी वाचायची सवय असलेल्यालाच शिरांचं ते जाळं वाचता आलं असेल. पुरावा मागू नका. (हशा) आणि एवढं करूनही घरमाशीच्या कुळापर्यंत ते पोचलेच नाहीत. १९२७ साली गेले. त्या कुळाचा पहिला भाग निघायला १९६५ साल उजाडलं, तोही दुसऱ्याच्या हातून. ब्रुनेटींनी घरमाशी शेवटी का ठेवली असेल, यावर माझा एक तर्क...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पाच.

मागून एक डॉक्टर म्हणतायत, "कुळावर थांबलात तर माणसं मरतील." बरोबर आहे. म्हणजे अर्धं बरोबर आहे. १९६५ सालीच नागपूरच्या चांदीपुऱ्यातल्या रुग्णांच्या रक्तात विषाणू सापडला. त्याचा प्रसार करते ती वालुमाशी, कुळ सायकोडिडी. न्हाणीघराच्या टाइल्सवर बसणारी केसाळ, निरुपद्रवी माशीही त्याच कुळातली. एकच कुळ, एक रक्त पिणारी, दुसरी मोरीच्या चिखलावर वाढणारी. मान्य! पण डॉक्टरसाहेब, तिथंही जात लागत नाही, उपकुळ पुरतं. बसल्यावर पंख छपरासारखे उतरते ठेवले तर मोरीतली. दोन पंख वर, इंग्रजी व्हीसारखे उभे, अंग जेमतेम तीन मिलिमीटर आणि उडण्यापेक्षा उड्या जास्त, तर वालुमाशी. मग मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपा, गोठा कोरडा ठेवा, मच्छरदाणी बारीक जाळीची घ्या. मी हरलो असं कुणी लिहून घेऊ नये. (हशा)

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. उरलेले प्रश्न बाहेर चहापाशी घेऊ. फोटो आणणार असाल तर डोळ्यांचा नको, पसरलेल्या पंखाचा आणा.