वाघ बघायला बोरला जाताना

वाघ बघायचा म्हटलं की आपल्या वर्धेकरांची गाडी थेट ताडोब्याच्या रस्त्याला लागते. हिंगणीच्या पुढचं, तासाभराच्या वाटेवरचं बोर राहूनच जातं. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाचं गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचं. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. पण वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आणि रानकुत्रीही आहेत. जंगल छोटं, म्हणून वाघ बाहेरही पडतो. इथला बाजीराव नावाचा वाघ २०१७च्या डिसेंबरात बाजारगावजवळ महामार्गावर गाडीच्या धडकेत मेला.

कधी जावं? पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. हिवाळ्यात जंगल देखणं, पण झाडोरा दाट. फोटोच काढायचे असतील तर एप्रिल-मे. साग उघडाबोडका झालेला असतो आणि जनावर पाणवठा सोडत नाही. ऊन मात्र वर्ध्याचं आहे, हे विसरू नका. दुपट्टा आणि भरपूर पाणी हवंच.

जिप्सीत बसल्यावर डोळ्यांआधी कान लावा. वाघाची चाहूल लागली, की वानर झाडावरून खाकरतं, चितळ शेपटी वर करून पाय आपटतं. वानर, चितळ कधीकधी उगाचही ओरडतात. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही. त्याची ‘ढँक’ आली, की गाईड लगेच इंजिन बंद करायला लावतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत जो गप्प बसतो, त्याला बरंच काही दिसतं.

कॅमेऱ्याला १००-४००ची लेन्स पुरते. गाडीच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, हात हलत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ वाढवायला कचरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फ्लॅश घरीच ठेवा. आणि नुसता वाघाचा चेहरा कशाला? त्याच्याभोवतीचं जंगलही येऊ द्या. चेहरे तर प्राणिसंग्रहालयातही मिळतात.

आता थोडं कडू बोलतो. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. गाईड-चालकांवर कारवाई झाली. पण ‘अजून थोडी पुढे घ्या ना भाऊ’ असं मागे बसून म्हणणारे आपणच असतो, आणि बक्षिसीची नोटही आपणच दाखवतो.

तेव्हा बोरला जरूर जा. सफारीचं आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच करा, साप्ताहिक सुटीचा वार तपासा, मूळ ओळखपत्र सोबत घ्या. आणि चालकाला निघतानाच सांगून ठेवा: वाघ दिसला तर गाडी लांबच उभी करा, आमची घाई नाही.