हाडांना फसवणारी रसायने
(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषा शिकवणारा मास्तर. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. तरी हा विषय घेतला, त्याला एक डबा कारण आहे. वर्गातील एका मुलाच्या घरी गेलो असता पिण्याचे पाणी कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात भरलेले दिसले. विचारले, तर मुलगा म्हणाला, "सर, अब्बांनी तीन वेळा धुतलाय!"

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुने हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे रचणाऱ्या पेशी, असे दोन तऱ्हेचे कामगार तेथे जन्मभर राबत असतात. किती पाडायचे, किती बांधायचे, हा हुकूम संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, रक्तातून पोहोचवतात. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक पाडणाऱ्यांना आवर घालते. म्हणूनच पाळी गेल्यावर आपल्या आई-आजींची हाडे ठिसूळ होऊ लागतात.

आता काही रसायने या संप्रेरकांचे सोंग घेतात. डी.डी.टी. इस्ट्रोजेनची नक्कल करते; शरीरात तिच्यापासून बनणारे डी.डी.ई. पुरुषी संप्रेरकाची वाट अडवते. कुलपात भलतीच किल्ली शिरावी, तसे हे. बिचाऱ्या पेशीला खरा हुकूम कोणता, खोटा कोणता, हे कळत नाही.

ही द्रव्ये जातात तरी किती लांब! पूर्व ग्रीनलंडच्या बर्फात ना शेते, ना कारखाने. तेथील ध्रुवीय अस्वलांच्या १८९२ ते २००२ या काळातील कवट्या शास्त्रज्ञांनी तपासल्या. १९३२ पर्यंतच्या कवट्यांच्या मानाने १९६६ नंतरच्या नरांची व अर्धवट वाढलेल्या अस्वलांची हाडे विरळ निघाली. प्रौढ माद्यांत मात्र असा फरक आढळला नाही. वारा-पाण्यातून माशांत, माशांतून सीलमध्ये, सीलमधून अस्वलाच्या चरबीत साठत गेलेल्या अशा रसायनांवर संशय आहे.

माणसांबाबत पुरावा इतका सरळ नाही, आणि मी कोणाला घाबरवायला उभा नाही. पण मित्रांनो, तुमच्या हाडांची भरणी आत्ता चालू आहे. तिशीच्या आसपास ती थांबते.

त्या डब्यात कोणते औषध होते, हे घरात कोणालाच सांगता येईना; कागद केव्हाच निघून गेला होता. मुलाचे अब्बा आधी थोडे रागावले. महिन्याने पुन्हा गेलो, तेव्हा पाणी माठात होते. डबा भोके पाडून, चेपून कोपऱ्यात टाकलेला होता.