अधांतरी थेंब



राहात्याच्या पेरूबागेत फवारणी चालू असली की बारीक थेंब हळूहळू पानांवर उतरतात. पृथ्वीच ओढते म्हटल्यावर उतरणारच! पण असा एखादा थेंब हवेतच थोपवता येईल का?

येईल. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी हार्वे फ्लेचर यांनी १९०९च्या सुमारास तेच केलं. अत्तराच्या फवाऱ्यासारख्या साधनातून त्यांनी तेल उडवलं. तोटीतून निसटताना घर्षणामुळे थेंबांवर विद्युतप्रभार येतो. असा थेंब धातूच्या दोन आडव्या पट्ट्यांमध्ये आणायचा आणि पट्ट्यांना वीज जोडायची. वजन खाली ओढतं, विद्युतबल वर उचलतं. दोन्ही बरोबर झाली की थेंब अधांतरी!

हिशेब करून पाहू. थेंबाची त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यावर पाच जादा इलेक्ट्रॉन आणि पट्ट्यांत ५ मिलिमीटर अंतर. अशा थेंबाला तोलून धरायला सुमारे २३० व्होल्ट लागतात. आपल्या घरातल्या विजेचाही आकडा हाच. फक्त इथे वीज दिशा न बदलणारी, बॅटरीसारखी हवी.

अनेक थेंब मोजल्यावर दिसलं, की प्रत्येकावरचा प्रभार एकाच ठरावीक रकमेच्या पटीत असतो. जणू गल्ल्यात सगळी रुपयाचीच नाणी, आठाणे नाहीतच! ते नाणं म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा प्रभार. याच कामासाठी आणि प्रकाशविद्युत परिणामावरील संशोधनासाठी मिलिकन यांना १९२३ साली नोबेल मिळालं.