म्हाताऱ्या कुत्र्याचे पैसे

“म्हाताऱ्या कुत्र्याचे कसले हो पैसे?” असे पुष्कळजणी मला विचारतात. ती कुत्र्याची किंमत नव्हे. रेबीजची लस दरवर्षी टोचावी लागते. दहा वर्षांच्या जिवाचे किडके दात काढायचे, रक्त तपासून मूत्रपिंडे पाहायची. घेतलेल्या रकमेत याचे निम्मेही भागत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाचा शेंडा कापलेला असला, तर नसबंदी आधीच झालेली असते. तो खर्च मी लावीत नाही. पेन्शनीवर एकट्या राहणाऱ्या आजीबाईंकडून तर काहीच घेत नाही, घर तेवढे पाहून येते. बंगलेवाल्यांना मात्र सांगतेच! औषधाच्या पहिल्या बिलाला ते पाठ फिरवतील की काय, हे तेव्हाच कळते.

सध्या माझ्याकडे एक तांबडी कुत्री आहे. एका डोळ्याने दिसत नाही, पण पावलांचा आवाज ओळखते. जिला हवी असेल तिने चहाच्या वेळी भेटावे.