सुवासाची परीक्षा



निपाणीची विडीची तंबाखू मराठी घरांना परिचित आहे. त्याच कर्नाटकात, पुष्कळ दक्षिणेला, म्हैसूर शहराच्या कडेला हिनकल आहे. तेथून पश्चिमेला जाणारा रस्ता हुणसूरला पोहोचतो. हा भाग सिगारेटच्या तंबाखूचा. तेथील हिरवे पान बंद खोलीत, नळांतून दिलेल्या उष्णतेवर, काही दिवसांत पिवळेधमक होते.

हा बदल केवळ रंगाचा नव्हे. पानातील पिष्टाची साखर होते आणि गाजराला रंग देणाऱ्या जातीची कॅरोटिनॉइड द्रव्ये तुटून सुगंधी रेणू निर्माण होतात. ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत पानाचा चुरा पाण्यात उकळतात आणि वाफेबरोबर निघणारी द्रव्ये द्रावकात गोळा करतात. गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक, अतिशय बारीक नळीतून जाताना ती एकमेकांपासून वेगळी होतात. पुढचे यंत्र रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून त्यांची ओळख पटवते. तरीही वासाचा निवाडा यंत्राला करता येत नाही. नळीच्या टोकाशी बसलेला जाणकार एकेक गंध हुंगून नोंदवतो. आलेखावरचे सर्वांत उंच टोक पुष्कळदा जवळजवळ निर्गंध असते, तर इवल्याशा टोकाने खोली दरवळते.

डॅमॅसेनोन हे असेच एक द्रव्य. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे अवघे दोन भाग असले, तरी नाकाला ते कळते. १९७० मध्ये ते गुलाबाच्या तेलात ओळखले गेले. तंबाखूतही तेच आहे.

गुलाबात आणि तंबाखूत एकच सुवास असेल, तर सुवासावरून वस्तूची पारख कशी करावी? व्यसन जडवते ते निकोटिन. ते १८२८ मध्येच जर्मनीत वेगळे केले गेले. पान जळले की धुरात ७००० हून अधिक रसायने असतात, त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक. सुगंधित तंबाखूत तर सुवास वरूनही मिसळतात. कोवळ्या वयाला आधी भुलवतो तो हा सुवास.

हुणसूरच्या शेतकऱ्याचे कष्ट कमी लेखण्याचे कारण नाही. त्याची चूल या पानावर पेटते. परंतु मुलांचे रक्षण हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे. कायदा दुकान दूर ठेवील. मोह दूर ठेवण्यास समज हवी. पालकांनी नुसते ‘वाईट आहे’ न म्हणता सुवास कोठून येतो आणि विष कोठे असते, हे मुलांना समजावून सांगावे. रसायनशास्त्राकडे वळलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या शनिवारी वर्गात येऊन असे आलेख उलगडून दाखवावेत. हीरकमहोत्सवी शाळेला ही भेट मोलाची वाटेल.